बाणावर काय लिहिलंय ते बघा

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 शिकवता, तुकडीत 62 मुलं-मुली. बी.एड.ला संकल्पना नकाशाबद्दल बरंच चांगलं ऐकलं होतं, म्हणून यंदा जीवनप्रक्रियांच्या धड्यासाठी तीन संध्याकाळी खपून एक भरगच्च नकाशा तयार केलात. रंगीत खडूंनी फळ्यावर काढलात, मुलांनी तो वहीत सुबक उतरवून घेतला. आणि घटक चाचणीत निम्म्या वर्गाने लिहिलं, 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात.' श्वसन तर दिवसरात्र चालतं. आता तुम्ही विचारताय की नकाशात काय चुकलं, एवढ्या मोठ्या वर्गात हे कसं चालवायचं आणि गुण कसे द्यायचे.

नकाशात फारसं काही चुकलं नसणार. तो तुमचा होता, एवढंच. कुठला शब्द वर ठेवायचा, कुठला कशाला जोडायचा, यासाठी तीन संध्याकाळ डोकं चालवलंत तुम्ही. मुलांनी हात चालवला. मीही पहिली चार-पाच वर्षं हेच करत होतो. माझा पेशीचा नकाशा तर मी कार्डशीटवर काढून प्लास्टिकचं आवरण घालून भिंतीला लावला होता. तपासणीला आलेल्या साहेबांना फार आवडला. मुलं त्याच्याकडे कॅलेंडरकडे बघावं तशी बघायची.

पुढचं सगळं माझ्या अनुभवातलं आहे आणि तो अनुभव एका विशिष्ट जागेचा आहे. ऊसपट्ट्यातली मराठी माध्यमाची शाळा, नंतर तिथेच एक सेमी-इंग्रजी तुकडी, 35 मिनिटांचा तास, 27 वर्षं. तुमच्या मुलांचं वाचन माझ्या मुलांपेक्षा बरं असेल तर काही पायऱ्या तुम्हाला गाळता येतील. तास जोडून मिळत नसतील तर काही तोडाव्या लागतील. अकरावी-बारावीला, जिथे सगळं लक्ष प्रवेश परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांवर असतं, तिथे हे कितपत चालतं यावर मी छातीठोकपणे बोलणार नाही.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरतात. मध्ये विषय आणि चहूकडे फांद्या, तो माइंड मॅप. त्यातल्या रेघांवर काही लिहिलेलं नसतं. प्रश्नपत्रिकेत 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' येतं, त्यात रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. रेघा आयत्या असतात आणि त्याही मुक्या. तिसरा खरा संकल्पना नकाशा: दोन चौकटी, मध्ये बाण, आणि बाणावर शब्द. चौकट-बाण-चौकट मिळून एक विधान झालं पाहिजे, जे खरं आहे की खोटं हे ठरवता येईल. मुलांच्या डोळ्यांसमोर पहिले दोन प्रकारच असतात, म्हणून ती तिसऱ्यातही चौकटी सजवत बसतात.

ही पद्धत शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोव्हाक यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 1972 च्या सुमारास काढली. कशासाठी काढली ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. लहान मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षं कशी बदलते याचा त्यांचा गट अभ्यास करत होता. मुलांच्या मुलाखतींचा ढीग साचला होता आणि त्यातून नेमकं काय बदललं ते हाताला लागेना. म्हणून मुलाच्या बोलण्यातली विधानं चौकटी आणि बाणांत मांडायला त्यांनी सुरुवात केली. मागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार होता, की नवीन गोष्ट मुलाला आधीपासून जे माहीत आहे त्यालाच जाऊन चिकटते. म्हणजे हे साधन जन्मलं ते मुलाच्या डोक्यात काय आहे ते बघण्यासाठी. आपण त्याचा उपयोग आपल्या डोक्यातलं त्यांना दाखवायला करतो आणि मग चाचणीच्या दिवशी चकित होतो.

आता बाण. माझं सगळं म्हणणं या एका ठिकाणी येऊन थांबतं, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

एका वर्षी मी नऊ शब्द दिले होते: मूळ, पान, पाणी, खनिजे, अन्न, हरितलवक (पानाच्या पेशीतला अन्न बनवणारा हिरवा भाग), सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन. एका मुलाने मूळ आणि अन्न यांच्यामध्ये जाड बाण काढला आणि त्यावर लिहिलं 'शोषते'. चौकटी सगळ्या बरोबर, अक्षर सुंदर. फक्त तो एक शब्द. मी विचारलं, "अन्न मुळातून येतं?" तो म्हणाला, "हो सर." मी म्हटलं, "मग पान काय करतं?" तो म्हणाला, "पान पण करतं." थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "सर, मग पोत्यावर अन्नद्रव्य का लिहिलंय?"

त्याच्या घरी ऊस होता. लागणीला 10:26:26 या खताची पोती येत होती. कृषी सेवा केंद्रात, शेतकरी मेळाव्यात, बापाच्या तोंडी तो लहानपणापासून एकच शब्द ऐकत होता: अन्नद्रव्ये. मुख्य अन्नद्रव्ये नत्र, स्फुरद, पालाश. जस्त, लोह, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. पीक पिवळं पडलं की माणसं म्हणतात, 'खाणं कमी पडलं.' तो मुलगा ढ नव्हता. भाषेने त्याला जे शिकवलं होतं ते त्याने इमानदारीत बाणावर लिहिलं. बहुपर्यायी प्रश्नात त्याने 'पानात अन्न तयार होते' याच्यावरच खूण केली असती, आणि मला कधी कळलंही नसतं की त्याच्या डोक्यात अन्नाचे दोन कारखाने चालू आहेत.

मग त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि व्हॅन हेल्मोंट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. या माणसाने कुंडीत 200 पौंड कोरडी माती घेतली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 164 पौंडांनी वाढलं. माती कमी झाली जेमतेम दोन औंस. 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तोही अर्धाच बरोबर होता, कारण हवेतला कार्बन त्याच्या हिशेबात नव्हता. मुलांना हे फार आवडतं, मोठा माणूसही बाण चुकवतो हे. शेवटी वर्गाने मिळून ठरवलं की जीवशास्त्राच्या तासाला अन्न म्हणजे ज्यातून पेशीला ऊर्जा मिळते ते. युरियातून पेशीला ऊर्जा मिळत नाही. त्यातलं नत्र प्रथिनं आणि हरितद्रव्य बनवायला लागतं. त्या मुलाने बाण खोडला, 'अन्नद्रव्य' अशी दहावी चौकट स्वतः वाढवली आणि 'अन्न'कडे जाणाऱ्या तुटक रेघेवर लिहिलं: 'नावात अन्न आहे, ऊर्जा नाही.'

तुमच्या 62 जणांच्या वहीत असे शब्द लिहायला जागाच नव्हती, कारण बाणांवरचे शब्द तुम्ही आधीच भरले होते.

पण बाण मोकळा सोडला म्हणून मुलं लगेच लिहितात असंही नाही. बहुतेक जण 'आहे' किंवा 'असते' लिहितात. हुशार मुलं 'संबंधित' लिहितात. तो तर सगळ्यांत निरुपयोगी शब्द, काहीच न सांगता सगळं सांगितल्यासारखा. बरीच वर्षं मला वाटायचं की हा आळस आहे. मग एकदा त्यांच्या बाजूने लिहून बघितलं आणि लक्षात आलं की अडचण आपल्या भाषेच्या ठेवणीत आहे. इंग्रजीत क्रियापद मध्ये बसतं, त्यामुळे तिथले नकाशे चौकट-बाण-चौकट असे सरळ वाचता येतात. मराठीत क्रियापद शेवटी जातं, आणि दोन गोष्टींचं नातं बरेचदा विभक्तीत लपलेलं असतं. 'हरितलवक' या चौकटीपासून 'प्रकाशसंश्लेषण'पर्यंत बाण काढला तर मध्ये काय लिहायचं? 'मध्ये होते'? वाचताना 'हरितलवक मध्ये होते प्रकाशसंश्लेषण' असं काहीतरी विचित्र होतं. मुलाला ते कानाला खटकतं, आणि खटकलं की ते 'आहे' लिहून मोकळं होतं.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. बाणावर एक-दोन शब्द लिहायचे आणि बाणाला क्रमांक द्यायचा. नकाशाच्या खाली त्याच क्रमांकाने पूर्ण मराठी वाक्य: '4. हरितलवकात प्रकाशसंश्लेषण होते.' वाक्यात 'आहे', 'असते' आणि 'संबंधित' यांना बंदी. 'मुळे' चालेल, पण कसं ते पुढे सांगावं लागेल. अर्थात 'असते' खरंच लागतं अशा जागा असतात, 'पेशीत केंद्रक असते' यात गैर काहीच नाही. पण सुरुवातीला बंदी घातल्याशिवाय दुसरं क्रियापद सुचतच नाही. सेमी-इंग्रजीच्या मुलांना मी सांगायचो, चौकटीत क्लोरोप्लास्ट, मायटोकॉन्ड्रिया लिहा, बाण आणि वाक्य मात्र मराठीत. दुसऱ्या भाषेत रटलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवता येतं. आपल्या भाषेत लिहिताना तेवढं सोपं जात नाही, आणि मला तेच हवं असायचं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही बाणांवरचे जोडणारे शब्द नेमके आणि ठरावीक असावेत यावर काम झालंय, पेशीरचनेसारखे जीवशास्त्राचेच विषय घेऊन. ते वाचल्यावर आपण एकटेच या शब्दांपायी डोकं खाजवत नव्हतो याचं बरं वाटलं.

आता तुमच्या नेमक्या धड्याकडे येतो. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यासाठी मी काय करतो ते तासाप्रमाणे सांगतो.

पहिला तास जीवशास्त्राचा नाहीच. फळ्यावर सहा शब्द: चहा, पाणी, साखर, दूध, पावडर, उष्णता. प्रश्न: 'चहाला रंग कुठून येतो?' मुलं दहा मिनिटांत भांडायला लागतात, की पावडर पाण्यात विरघळते की पावडरमधलं काहीतरी पाण्यात उतरतं आणि चोथा गाळणीत राहतो. बाणावरचा शब्द म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं मला अजून समजावता आलेलं नाही. हा तास वाचवायला जाऊ नका.

दुसऱ्या तासाला चिठ्ठ्या. जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद कापून दोघांत एक संच, 31 संच. शब्द आठ किंवा नऊ, त्याहून जास्त नाही: सूर्यप्रकाश, हरितलवक, पाणी, कार्बन डायऑक्साइड, ग्लुकोज, ऑक्सिजन, तंतुकणिका (म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली श्वसनाची जागा), एटीपी (पेशीला लगेच वापरता येणारी ऊर्जा ज्यात असते तो रेणू), उष्णता. यात 'ऊर्जा' हा शब्द मी मुद्दाम देत नाही. तो दिला की सगळे बाण त्याच्याकडे धावतात आणि कोणालाच काही सांगावं लागत नाही. फळ्यावर विषयाचं नाव न लिहिता प्रश्न लिहायचा: 'रात्री दोन वाजता शेतातल्या उसाच्या पेशीला एटीपी कुठून मिळतो?' चिठ्ठ्या बाकावर पसरायच्या, सरकवायच्या, पटलं की मगच कागदावर चिकटवायच्या. पुस्तक बंद. बारा मिनिटं चिठ्ठ्या, दहा मिनिटं वाक्यं, उरलेला वेळ शेजारच्या जोडीशी कागद बदलून वाचायला. शेजाऱ्याने वाक्यं वाचायची आणि न पटलेल्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह काढायचं. चूक-बरोबर लिहायचं नाही.

इथे जवळजवळ दर वर्षी एकच चित्र निघतं. कागदाच्या डाव्या बाजूला एक बेट: सूर्यप्रकाश, हरितलवक, पाणी, कार्बन डायऑक्साइड, ग्लुकोज. उजवीकडे दुसरं बेट: ऑक्सिजन, तंतुकणिका, एटीपी, उष्णता. डावं बेट झाडाचं, उजवं माणसाचं. मध्ये फार तर ऑक्सिजनचा एक पूल, 'झाडे देतात, आपण घेतो'. ग्लुकोजपासून तंतुकणिकेकडे जाणारा बाण, तोही झाडाच्या आतला, 31 पैकी चार-पाच कागदांवर मिळाला तर नशीब. तुमच्या चाचणीतलं 'रात्री श्वसन' याच फटीतून आलंय. ज्या मुलाच्या मनात झाडाला तंतुकणिकाच नाही, त्याने झाडाचं श्वसन ठेवावं कुठे? तो बिचारा रात्रीच्या रिकाम्या पाळीला लावतो. 'श्वसन' हा शब्दही मदत करत नाही. त्याला नाक दिसतं. मी 'पेशीश्वसन' आणि 'श्वासोच्छ्वास' हे दोन्ही शब्द फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर ठेवायचो.

मग मटकी. मोड येण्यासाठी फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीच्या पुरचुंडीत सकाळी बोट घातलं तर आत कोमट लागतं, हे घरात कोणीतरी सांगितलेलं असतं. आम्ही दोन थर्मास घेतो. एकात मोड येत असलेली मटकी, दुसऱ्यात तितकीच उकडून गार केलेली, थोड्या जंतुनाशकाच्या पाण्यात धुतलेली, नाहीतर ती कुजते आणि जंतूंच्या श्वसनानेच तापते. तोंडाला कापूस, त्यातून तापमापी, दुसऱ्या दिवशी वाचन. मोड आलेल्या बाजूचा पारा चढलेला असतो. थर्मासात अंधार आहे, ऊन नाही, मटकीला पानं नाहीत, नाक तर नाहीच. ही उष्णता कुठून आली? यानंतर कागद परत द्यायचे, लाल पेन द्यायचं, पुस्तक उघडायला सांगायचं. लाल पेनाने काढलेला पहिला बाण बहुतेक वेळा ग्लुकोजकडून तंतुकणिकेकडे जातो.

अशा वेळी कोणीतरी हमखास पिंपळ आणतो: 'सर, पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, मोबाइलवर आलं होतं.' त्याला हाकलू नका, चिठ्ठी द्या. ऑक्सिजन बाहेर पडतो तो प्रकाशात पाण्याचं विघटन होताना. अंधारात तो बाण सूर्यप्रकाशाला जोडता येत नाही. निवडुंग, अननस या वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, पण ऑक्सिजन त्यांनाही उजेडातच सोडावा लागतो.

पुस्तक बंद का, यावर माझा आधी एवढा कटाक्ष नव्हता. 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पर्ड्यू विद्यापीठाच्या कार्पिक आणि ब्लंट यांचा एक शोधनिबंध आला. एका गटाने मजकूर समोर ठेवून संकल्पना नकाशे काढले, दुसऱ्याने मजकूर वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवडाभराने आठवून लिहिणारा गट पुढे होता. परीक्षा नकाशा काढण्याची होती तरीसुद्धा. नकाशाप्रेमी मंडळींना ते झोंबलं, मलाही. पण त्याच दोघांनी 2014 मध्ये नकाशे न बघता, आठवून काढायला लावले, तेव्हा ते आठवून लिहिण्याच्या तोडीस उतरले. माझ्यापुरता मी त्यातून धडा घेतला की पुस्तक उघडं ठेवून काढलेला नकाशा म्हणजे नीटनेटकी नक्कल. आधी बंद, मग उघडं, आणि दोन्हींचे रंग वेगळे.

सगळ्या धड्यांना हे लावायला जाऊ नका, हेही सांगतो. पचनसंस्थेत अन्न तोंडातून निघून कुठे-कुठे जातं त्याला ओघतक्ता पुरतो. वर्गीकरणाला फांद्यांचा तक्ता. हृदयाला नामनिर्देशित आकृती, तीही दहा वेळा हाताने काढलेली. जिथे एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे आणि मुलांनी ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली आहे, तिथे नकाशा कामाला येतो: परिसंस्था, परासरण, आनुवंशिकता. आनुवंशिकतेत डीएनए, जनुक, गुणसूत्र, केंद्रक, प्रथिन, पेशी, रक्त असे सातच शब्द द्या. 'डीएनए रक्तात असतो' हा बाण नक्की मिळेल, टीव्हीवरच्या तपास मालिकांची कृपा. त्यावरून पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, रक्तातला डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून, आणि तोच डीएनए गालाच्या आतल्या अस्तरातही असतो, इथपर्यंत एका तासात पोचता येतं.

तर इथवरचं एका दमात: शब्द आठ-नऊ, वर एक प्रश्न, आधी पुस्तक बंद, बाणाला क्रमांक आणि खाली पूर्ण वाक्य, मग दुसऱ्या रंगाने दुरुस्ती. आता 62 मुलांचं आणि गुणांचं.

31 कागद मी पूर्ण कधीच तपासले नाहीत. तसं करायला गेलो असतो तर दुसऱ्याच आठवड्यात हे सगळं बंद पडलं असतं. मी एक बाण निवडतो, समजा ग्लुकोज ते तंतुकणिका, आणि सगळ्या कागदांवर फक्त तेवढाच बघतो. बरोबर, अर्धवट, चूक, बाणच नाही: चार रकान्यांत काड्या मारत जायच्या. मधल्या सुट्टीत चहा संपायच्या आत होतं. कोऱ्या पडलेल्या बाणांची संख्या मला सगळ्यांत जास्त सांगते, कारण चुकीचं लिहिणाऱ्याने निदान विचार तरी केलेला असतो. पुढचा तास त्या काड्यांवरून सुरू होतो.

गुणांच्या बाबतीत मी एकदा फसलोय. नोव्हाक आणि गोविन यांनी 1984 मध्ये गुणांची एक पद्धत दिली होती: योग्य विधानाला 1, उतरंडीच्या प्रत्येक योग्य पातळीला 5, दोन वेगळ्या भागांना जोडणाऱ्या अर्थपूर्ण आडव्या बाणाला 10, उदाहरणाला 1. मी ती जशीच्या तशी वर्गात जाहीर केली. आडव्या बाणाला दहा गुण म्हटल्यावर काय होणार? पुढच्या नकाशांत कोळिष्टकं. सूर्यप्रकाश थेट तंतुकणिकेला, ऑक्सिजन हरितलवकाला, मिळेल ते मिळेल त्याला. संशोधनाला ती पद्धत ठीक असेल, पण मुलांना दर कळला की ती भावानुसार माल आणतात. आता नकाशाला मी गुणच देत नाही. नकाशा समोर ठेवून, त्यातली क्रमांकाची वाक्यं जुळवून सहा-सात ओळींचं उत्तर लिहायचं. गुण त्या उत्तराला. बोर्डाच्या पेपरात तेच उपयोगी पडतं, त्यामुळे पालकही कुरकुर करत नाहीत. मुख्याध्यापक अंतर्गत मूल्यमापनात नकाशाचेच गुण मागत असतील तर पाच बाण तुम्ही निवडा, कुठले ते आधी सांगू नका, आणि प्रत्येकाला दोन गुण ठेवा: एक विधान खरं असल्याचा, एक शब्द नेमका असल्याचा.

संगणकावर करावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सीमॅपटूल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, फ्लोरिडातल्या एका संशोधन संस्थेचं, याच कामासाठी केलेलं आणि चांगलं. पण एका संगणकाभोवती सहा मुलं असतील तर माउस एकाच्या हातात आणि बाकीचे पाच प्रेक्षक. चिठ्ठ्या प्रत्येकाला सरकवता येतात. शिवाय वीज लागत नाही.

राहता राहिला तुमचा तो रंगीत नकाशा. फळा पुसला असेल, पण वहीत किंवा मोबाइलवर असेलच. तो वाया घालवू नका. मुलांचे लाल पेनाचे नकाशे झाले की तो परत फळ्यावर काढा, बाणांवरच्या शब्दांसकट, आणि त्यात चुका शोधायला सांगा. मी माझा प्लास्टिकवाला पेशीचा नकाशा असाच भिंतीवरून काढून बाकांवर फिरवला होता. पहिली दहा मिनिटं कोणी बोलेना, सरांची चूक कशी काढायची. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, इथे तुम्ही 'तंतुकणिका ऊर्जा तयार करते' लिहिलंय. पण ऊर्जा तयार होत नाही ना? नववीत तुम्हीच शिकवलं होतं." सात वर्षं तो बाण भिंतीवर होता.